टाक की ठेव

त्या दुकानात शिरलं की पहिली नजर जायची ती पाटीवर. पाटीत बघण्यासारखं काही नव्हतं. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेली, एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलेली. मजकूर असा : 'फोटो काढून टाका असे या दुकानात म्हणू नये. उतरवून घ्या म्हणावे किंवा पुसा म्हणावे.' येणारी माणसं ती वाचायची, हसायची, आणि एखादा आगाऊ हमखास विचारायचा की मग पासपोर्टचा फोटो काढायचा असला तर काय म्हणायचं. दुकानाचा मालक मान वर न करता सांगायचा, काही म्हणू नका, शेजारच्या दुकानात जा.

मालकाला सगळे कार्डवाला म्हणत. लोकांची बंद पडलेली मेमरी कार्डं घ्यायची आणि त्यांच्यातून हरवलेलं परत मिळवून द्यायचं, हा त्याचा धंदा. जुन्या व्यापारी इमारतीच्या बोळात, झेरॉक्सवाला आणि किल्लीवाला यांच्या मधे, दोन खुर्च्या मावतील न मावतील एवढी जागा. तिसरा माणूस आला तर पहिल्यानं बाहेर जायचं. पण तिसरा कधी यायचा नाही, त्यामुळे अडचण नव्हती.

आता त्या पाटीचं म्हणाल, तर तिच्यात तथ्य होतं. आपल्या भाषेत 'काढ' या बिचाऱ्या शब्दाला किती राबवायचं याला काही सुमारच नाही. फोटो काढ म्हणजे नवीन घे, आणि फोटो काढ म्हणजे आहे तो घालव. कपाटातून शाल काढ, अंगातला शर्ट काढ, कुरापत काढ, गेलेल्या माणसाची आठवण काढ. पुढे एक 'टाक' किंवा 'ठेव' लागलं की मगच कळणार काय ते. आणि त्या एका टाक-ठेववरून कार्डवाला नऊ वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलला नव्हता.

घडलं ते असं. तेव्हा तो एका स्टुडिओत फोटोग्राफर होता. आई आणि ताई एकत्र राहायच्या, तो रविवारचा जायचा. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच तिचा जन्माचा उद्योग. निवृत्त झाली तरी लाल पेन काही हातातून सुटलं नाही. वाण्याच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. मुलगा वसतिगृहात असताना त्यानं पाठवलेली पत्रं दुरुस्त करून उलट टपाली परत पाठवायची, खाली शेरा मारून : 'मजकूर बरा, जोडाक्षरांकडे लक्ष दे.' फोटो काढून घ्यायचा मात्र तिला भारी कंटाळा. कॅमेरा दिसला की पदर, वर्तमानपत्र, हात, जे सापडेल ते तोंडासमोर धरायची. ओळखपत्रावरचा एक फोटो होता, त्यात ती नुकतीच पकडलेली चोर दिसायची.

त्या रविवारी कोण जाणे कशी, ती तयार झाली. खिडकीपाशी शब्दकोडं घेऊन बसली होती. त्यानं साठ-एक फोटो घेतले, सकाळभर लॅपटॉप उघडून ते बघत बसला, आणि दुपारी दुसऱ्या कामाला जायची घाई म्हणून कॅमेरा तिथेच सोडून पळाला. जाताना ताईला सांगून गेला की फोटो उतरवून घे. निदान त्याला असं वाटत होतं की त्यानं तसं सांगितलं. ताईनं संध्याकाळी कार्ड साफ पुसलं. सोमवारी त्यानं कॅमेरा येऊन नेला आणि त्याच कार्डावर एका शाळेचा बक्षीस समारंभ टिपला. गुरुवारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. पुढ्यात शब्दकोडं, त्यात चार घरं रिकामी.

फोटो कुठे आहेत म्हणून त्यानं विचारलं तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. ताई म्हणाली, तूच म्हणालास काढून टाक, मला वाटलं तू घेतलेयत उतरवून, सकाळभर लॅपटॉप घेऊन तर बसला होतास. तो म्हणाला, मी म्हणालो काढून ठेव. ती म्हणाली टाक. तो म्हणाला ठेव. आईला जाऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि ही दोन मोठी माणसं टाक-ठेव, टाक-ठेव करत होती. शेवटी तो सगळ्यांदेखत बोलून गेला, तुझे कान तपासून घे. ताई गप्प झाली. ती जी गप्प झाली ती नऊ वर्षं.

ते कार्ड त्यानं त्याच आठवड्यात स्वतः परत मिळवायचा प्रयत्न केला. फुकटात मिळालेल्या कसल्याशा प्रोग्रॅमवर तिसऱ्यांदा लावलं आणि कार्डानं मान टाकली. कुठल्याच यंत्राला ते ओळखू येईना. कुणी सांगितलं, फेकून दे. त्यानं ते आईच्या चष्म्याच्या घरात ठेवलं, लाल पेनाशेजारी, आणि हे काम शिकायला लागला. आधी आपल्यासाठी, मग पोटासाठी. स्टुडिओ सुटला, दुकान झालं. गावातली किती बारशी, किती सहली, किती परीक्षेचे निकाल त्यानं परत आणून दिले. स्वतःचं कार्ड तेवढं तसंच. कारण मेलेलं कार्ड उठवायचं म्हणजे त्याच्यावरचा काळा थर खरवडायचा, खालचे तांब्याचे बारीक ठिपके उघडे करायचे, आणि केसाएवढी तार एकेका ठिपक्याला जोडून आतलं थेट वाचायचं. कुठल्या ठिपक्याचं काम काय, याचा नकाशा प्रत्येक जातीच्या कार्डाचा वेगळा. या जातीचा नकाशा कुणाकडे नव्हता. अंदाजानं तार जोडावी तर होतं तेही जळणार.

एकटं राहायची सवय होते म्हणतात. डोंबलाची सवय होते. तो घरी गेला की आधी रेडिओ लावायचा, आणि बातम्या देणारी बाई 'नमस्कार' म्हणाली की हा 'नमस्कार' म्हणायचा. जेवण एका ताटलीत, ताटली लगेच धुवायची, म्हणजे उद्या तीच. घरात त्याला ढब्बू म्हणायचे. आता अंगावर मांस नव्हतं, केस पिकले होते, आणि ढब्बू म्हणणाऱ्या दोघींतली एक गेलेली आणि दुसरी न बोलणारी. ताईनं घर सोडलं होतं. दोन तासांवरच्या गावात एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते, एवढं मावशीकडून कळलं होतं. मग मावशीही गेली आणि कळणं बंद झालं. पण एक गोष्ट त्यानं मनात घट्ट धरून ठेवली होती. एक दिवस ते कार्ड चालेल, आईचे फोटो तो ताईच्या पुढ्यात ठेवेल, आणि मग ती कबूल करेल.

तर अशा या माणसाच्या दुकानात एका सोमवारी शिलाईकाकू आल्या. शिवणकाम करणाऱ्या, गळ्यात अजून टेप तसाच, बाहीला टोचलेल्या दोन टाचण्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझ्या बाह्या गेल्या हो सगळ्या."

त्यानं त्यांच्या बाह्यांकडे बघितलं. त्या जागच्या जागी होत्या.

मग उलगडा झाला. काकू चौदा वर्षं प्रत्येक कपडा देण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेवत. जावयानं टाकायला काढलेला जुना कॅमेरा होता, त्यावर. गळे, कॉलर, पण मुख्य म्हणजे बाह्या. बाही बसवणं हीच खरी परीक्षा, बाकी सगळं कुणीही शिवतं, असं त्यांचं स्पष्ट मत. ते कार्ड आता बंद पडलं होतं. त्यांनी पाटी वाचली, हसल्या नाहीत. हे कशासाठी म्हणून विचारलं. तो म्हणाला, एकीला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून. काकूंनी "अच्छा" म्हटलं आणि कार्ड पुढे केलं.

कार्ड त्यानं दिव्याखाली धरलं. निळी पट्टी, चष्म्याच्या घरातल्या कार्डाची तीच जात. उलटं करून भिंगाखाली धरलं तर मागच्या क्रमांकाची पहिली पाच अक्षरंही तीच. त्यानं काकूंना खरं काय ते सांगून टाकलं : या जातीचं कार्ड मी कधी उठवलेलं नाही, शिकत शिकत करावं लागेल, बिघडलं तर बिघडलं. काकू म्हणाल्या, आत्ता तरी कुठे धडधाकट आहे ते, करा काय करायचं ते. कामाच्या चिठ्ठीवर 'उतरवून देणे' आणि 'पुसणे' असे दोन शब्द छापलेले असत, गिऱ्हाइकानं पाहिजे त्याच्याखाली रेघ मारायची. काकूंनी 'उतरवून देणे' याच्याखाली चांगल्या दोन रेघा मारल्या. जाता जाता विचारलं, घरी कोण असतं. तो म्हणाला, मी असतो.

अकरा दिवस लागले. तार जोडायची, बघायची, उकलायची, दुसरीकडे जोडायची. डोळ्यांतून पाणी गळायचं ते कामानं, दुसरं काही नाही. मधल्या एका दिवशी काकू येऊन दोन तास बसल्या आणि म्हणाल्या, तुमचं काम माझ्यासारखंच दिसतंय, उसवा आणि पुन्हा घाला. अकराव्या दिवशी पडद्यावर एक बाही उमटली. झालरीची, आकाशी रंगाची. मागोमाग दुसरी, तिसरी, आणि मग नुसता बाह्यांचा पूर. चौदाशे आणि वर काही. कार्डवाला खुर्चीत मागे टेकला आणि दुकानात एकटाच असताना मोठ्यानं म्हणाला, "वा, काकू." त्यानं काकूंना फोन करून सोमवारी घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता नकाशा आपल्याकडे आहे.

म्हणजे आता सबब उरली नाही. नऊ वर्षं तो म्हणत होता, नकाशा मिळू दे. आता मिळाला, तर चष्म्याचं घर उघडायला दोन दिवस लावले. भीती वाटत होती, दुसरं काय. कार्डात काही उरलंच नसेल तर काय धरून बसायचं?

शनिवारी सकाळी त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कामाला लागला. या खेपेला हात बसला होता. दुपारी दोनच्या सुमाराला फोटो यायला लागले. सगळे कुठून येणार? वर बक्षीस समारंभ चढला होता. कुठे नुसताच करंडक घेतलेला परका मुलगा. कुठे वर आईचं कपाळ आणि चष्मा, आणि हनुवटीच्या जागी कुणा पाहुण्याच्या हातातलं प्रशस्तिपत्र. पण तेवीस फोटो अखंड निघाले. वीस फोटोंत आईनं तोंडासमोर काही ना काही धरलेलं. तिनांत मात्र हात खाली होता. एकात ती हसत होती, ते कोड्यातलं काही सुटल्याचं हसू. त्यानं तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि तिच्यासमोर बसून डबा खाल्ला. कितीतरी वर्षांत तो पहिल्यांदा कुणासमोर बसून जेवत होता.

जेवता जेवता तो ताईला काय म्हणायचं ते जुळवत होता. बघ, मिळाले. मी ठेव म्हणालो होतो, तू टाकलेस, मी शोधले. शेवटी कोण बरोबर निघालं? असं सगळं. बोलताना ओरडायचं नाही हेही त्यानं ठरवलं होतं. मोठ्या मनानं बोलायचं.

यादीच्या तळाशी एक फाईल राहिली होती. फोटो नव्हे, व्हिडिओ, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्याला आठवेना. लावल्यावर आठवलं. निघायच्या आधी आपला आणि आईचा एकत्र फोटो यावा म्हणून त्यानं कॅमेरा स्टुलावर ठेवला होता आणि गडबडीत भलतंच बटण दाबलं होतं. चित्रात चेहरा कुणाचाच नव्हता. आईचे हात होते, कोडं होतं, लाल पेन होतं, आणि कडेला त्याच्या शर्टाची एक बाही. आत भांड्यांचा आवाज. मग आतूनच ताईचा, मोठ्यानं : "कॅमेऱ्यातल्या फोटोंचं काय करू रे?"

आणि त्याचा स्वतःचा आवाज, अगदी जवळून, घाईतला : "काढून टाक."

"सगळे?"

"सगळे काढून टाक. मला उद्या कार्ड रिकामं हवंय."

पेन थांबलं. आईचा आवाज हळू होता, शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढा. आत जाण्यासारखा नव्हताच. "ठेव म्हण. काढून ठेव."

"तेच ते गं, आई."

"तेच ते नसतं, ढब्बू," आई म्हणाली, आणि पेन पुन्हा चालू झालं.

त्यानं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावायचा धीर झाला नाही. डब्यातली भाजी तशीच राहिली. बोळातून किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज येत होता, झेरॉक्सवाला कुणाला तरी पानं मोजून देत होता, आणि कार्डवाला भिंतीवरच्या पाटीकडे बघत बसला होता. ती पाटी त्यानं ताईवर रागावून लावली होती. रोज दार उघडताना ती वाचून तो मनात म्हणायचा, बघ.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या मनात आलं. आपल्याशिवाय हे कुणाला ठाऊक आहे? तेवीस फोटो पाठवावेत, व्हिडिओ पुसून टाकावा. ताईला आई मिळेल, आपलं बोलणं खरं राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. तुमचं-आमचंही गेलं असतं, उगाच साव असल्याचा आव कशाला आणा. पण ते बटण दाबलं की आईचा आवाजही जाणार होता. तिच्या आवाजाची जगात तेवढीच एक फाईल होती, आणि तिच्यात ती त्याचीच चूक दुरुस्त करत होती.

त्यानं फोन उचलला. ताईचा नंबर त्याला पाठ होता. नऊ वर्षांत कित्येकदा त्यानं तो शेवटचा आकडा सोडून दाबला होता.

"कोण बोलतंय?" मागे काचेच्या नळ्यांची किणकिण होती.

"मी. ढब्बू."

किणकिण थांबली. फोन मात्र तिनं ठेवला नाही. त्यानं जुळवलेलं सगळं भाषण विसरून सरळ सांगितलं, "मी टाकच म्हणालो होतो, ताई. ठेव नाही. कार्ड चाललं आज. माझ्याच आवाजात आहे."

मग ताई बोलली, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता, रागाचा असता तर बरं झालं असतं.

"मी कान तपासून आले होते रे तेव्हा. दोनदा. दोन वेगळे डॉक्टर. दोघंही म्हणाले, कान उत्तम आहेत. तरी मला वाटायचं, तू एवढं छातीठोक सांगतोयस तर माझंच चुकलं असणार. आईचे फोटो मी पुसले, असंच धरून चालले मी. अजूनही कुणी काही सांगितलं ना, की मी दोनदा विचारते. शाळेतली मुलं हसतात मला."

त्याला क्षमा मागायची होती, पण शब्द एवढा लहान वाटला की तो तोंडातच राहिला. तो एवढंच म्हणाला, "आईनं ऐकलं होतं. मला सांगितलंही. मी म्हटलं तेच ते."

"आईचा आवाज आहे त्यात?"

"आहे."

"लाव."

त्यानं फोन स्पीकरजवळ धरला आणि लावलं. काढून टाक. सगळे? सगळे काढून टाक. ठेव म्हण. काढून ठेव. तेच ते गं, आई. तेच ते नसतं, ढब्बू. संपलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. ताई म्हणाली, "पुन्हा लाव." त्यानं लावलं. "पुन्हा." आईचे ते थोडेसे शब्द ऐकायचे तर दर वेळी आधी त्याचे ऐकावे लागत होते, आणि तो प्रत्येक वेळी सुरुवातीपासून लावत राहिला. पाचव्यांदा संपल्यावर ती रडत होती, आणि तो दोन तासांच्या अंतरावर फोन धरून उभा होता. दुसरं काय करणार होता?

"मीच घेऊन येऊ का?" त्यानं विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "एवढ्यात नको. पोस्टानं पाठव." मग म्हणाली, "आणि तुझं बोलणं कापू नकोस. आहे तसं पाठव."

तो हो म्हणाला. तिनं पत्ता सांगितला, त्यानं लिहून घेतला. मग तिनं तो त्याच्याकडून वाचून घेतला, दोनदा, आणि फोन ठेवला.

सोमवारी शिलाईकाकू बाह्या न्यायला आल्या. त्यांनी खुर्चीत बसून एकेक बाही डोळे भरून पाहिली, ही कुणाची, ती कुणाची, कुठली अजून अंगात असेल, कुठल्या बाईचं लग्न मोडलं, सगळं सांगितलं. मग टेबलावरच्या पाकिटाकडे त्यांचं लक्ष गेलं. पाकिटावर पत्ता होता आणि वर चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीत गिऱ्हाइकाच्या नावासमोर 'ताई' एवढंच, आणि 'उतरवून देणे' याच्याखाली लाल पेनानं मारलेली रेघ. काकूंनी चिठ्ठी वाचली, भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली, आणि विचारलं, त्या कुणाला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणालात, त्या याच का?

कार्डवाल्यानं पाकीट उचललं. पोस्टाची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता.

"तिला नीटच ऐकू आलं होतं, काकू," तो म्हणाला, आणि दुकानाला कुलूप लावायला उठला.